डावीकडचं स्टिअरिंग

३ फेब्रुवारी, शनिवार

गाडी आली!

रोजनिशी आजपासून सुरू करतोय, कारण आजपासूनचं आयुष्य लिहून ठेवण्यासारखं असणार आहे.

अमेरिकन. स्पोर्ट्स. कन्व्हर्टिबल, म्हणजे टप मागे दुमडता येणारी. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आणि माझ्यासारखीच उत्तम स्थितीत. हिरवट-निळा रंग, लांबलचक बॉनेट, मागे छोटे पंख. सीट दोनच. कन्येने बाल्कनीतून बघितलं आणि म्हणाली, बाबा, हा तर बाथटब आहे. लहान आहे. कॉलेजात जाते, पण लहान आहे.

गाडी अर्धी माझी, अर्धी भिडूची. भिडू म्हणजे शाळेपासूनचा मित्र. कॅरमला कायम माझा भिडू असायचा, तेच नाव पडलं. त्याची लॉन्ड्री आहे. मला खरं तर पूर्ण गाडी घ्यायची होती, पण बायको म्हणाली, अहो, अर्धी घ्या, म्हणजे डोकेदुखीही अर्धीच. तेव्हा एक आठवडा माझ्याकडे, एक त्याच्याकडे, शनिवारी संध्याकाळी किल्लीची अदलाबदल. नाणं उडवलं. पहिला आठवडा माझा. नशिबालाही माणूस ओळखता येतो.

भिडूचं मला वाईट वाटतं. त्याला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. मी पडलो लिफ्ट इन्स्पेक्टर. लिफ्ट आणि मोटार यांत तत्त्वतः काहीच फरक नाही. एक वर जाते, एक पुढे जाते.

४ फेब्रुवारी, रविवार

बायकोला घेऊन पहिली फेरी.

गाडीची एकच गंमत आहे. स्टिअरिंग डावीकडे. तिकडे अमेरिकेत रस्त्याच्या उजव्या बाजूने गाड्या चालवतात, आपण डाव्या. त्यामुळे मी बसतो फुटपाथच्या बाजूला. पुढे ट्रक असला की त्याच्या पलीकडून काय येतंय ते मला दिसत नाही. ते दिसतं उजव्या सीटवरच्या माणसाला. म्हणजे आज हिला.

पुढे सिमेंटचा मिक्सर होता. मी विचारलं, येतंय का काही? ही म्हणाली, येतंय. काय येतंय? काहीतरी येतंय. अगं, काहीतरी म्हणजे काय, मोठं की छोटं? लांब की जवळ? ही म्हणाली, तुम्ही ओरडू नका, जवळ आलं की सांगते.

जवळ आलं तेव्हा तिने सांगायची गरज उरली नव्हती.

येताना ही बसने आली. सवय नाही तिला स्पीडची. होईल.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

इंजिनात बारीकशी खरखर. दुसऱ्या कुणाला ऐकूही आली नसती. मला आली. कार्बुरेटरचा स्क्रू पाऊण वेढा फिरवला. खरखर गेली. इंजिनही गेलं.

मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, साहेब, स्क्रूला हात लावलात का? मी म्हणालो, हात लावला नाही, ट्यूनिंग केलं. तो बराच वेळ गप्प होता. समोरच्या माणसालाही यातलं कळतं हे लक्षात आलं की ही मंडळी अशीच गप्प होतात.

१७ फेब्रुवारी, शनिवार

भिडूचा आठवडा संपला. त्याला खोचून विचारलं, काय काय त्रास दिला? तो म्हणाला, काही नाही रे, छान चालली. मला हसू आवरेना. माणसाला कानच नसतील तर त्याला बिघाड ऐकू येणार कुठून! त्याची बेसावध चालवण्याची पद्धत गाडीला सोसतेय एवढंच.

आता माझा आठवडा. संकल्प: रोज सकाळी सहाला उठून ऑइल तपासणे. रविवारी अण्णांना फिरवणे.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ब्याऐंशी. कोर्टात टायपिस्ट होते. जन्मभर दुसऱ्यांचे निकाल टाइप केले. आई गेल्यापासून खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असतात. कुठे चला म्हटलं की म्हणतात, तुम्ही या जाऊन. डॉक्टर म्हणतात, दुखणं काही नाही, मन लागत नाही. त्यांचं मन लावायची जबाबदारी गाडीने आणि मी घेतली आहे.

१८ फेब्रुवारी, रविवार

ऑइल उद्यापासून.

अण्णांना फिरवलं. म्हणजे पेट्रोलपंपापर्यंत. बसण्यापूर्वी त्यांना नियम सांगितले. दार आपण लावायचं नाही, मी लावेन. डॅशबोर्डला हात टेकायचा नाही. काठी पायाशी ठेवायची नाही, मॅटला भोक पडतं. अण्णा काठी मांडीवर आडवी धरून बसले.

हिच्यासारखा घोळ नको म्हणून मी एक शोध लावला आहे. लिफ्टच्या कोपऱ्यात असतो तसला बहिर्गोल आरसा, लांब दांड्यावर, बॉनेटच्या उजव्या कडेला. आता मला कुणाच्या डोळ्यांची गरज नाही. त्यात सगळा रस्ता दिसतो. ट्रक मुंगीएवढा दिसतो इतकंच.

वाटेत अण्णा एकदम म्हणाले, थांब. मी म्हणालो, अण्णा, तुम्ही नुसते आरामात बसा, मी आरसा लावलाय. घरी आल्यावर विचारलं, कशी वाटली? म्हणाले, छान आहे. आणि खुर्चीत जाऊन बसले.

भारावून गेले होते.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

गाडी बंद. खरखर नव्हती, पण खरखर नसणं मला संशयास्पद वाटलं म्हणून उघडून बघितलं होतं.

बायको म्हणाली, अहो, चालत होती ना? चालतंय म्हणून हात लावायचा नाही, या वृत्तीनेच आपण मागे राहिलो.

२ मार्च, शनिवार

भिडूचा आठवडा संपला. पुन्हा तेच. छान चालली. त्याच्याकडे गेली की चालते, माझ्याकडे आली की रुसते. याला एकच कारण आहे. त्याच्याकडे ती जेमतेम चालते आणि तो त्यावर खूश असतो. माझ्याकडे तिला कळतं की आपल्याकडून जास्त अपेक्षा आहे.

अण्णांची तब्येत सुधारते आहे. या आठवड्यात एकदा भाजी पुन्हा मागून घेतली. मी त्यांना सांगितलेला श्वासाचा व्यायाम लागू पडलेला दिसतो. ते व्यायाम करताना मला कधी दिसले नाहीत, पण मी दिवसभर कामावर असतो.

११ मार्च, सोमवार

विचित्र. अण्णांचं नाक लाल झालंय, उन्हाने सोलल्यासारखं. खिडकीतून इतकं ऊन येतं? हिला म्हणालो, पडदा लाव. ही म्हणाली, लावते. आणि स्वयंपाकघरात जाऊन कन्येबरोबर हसत बसली. पडद्यात हसण्यासारखं काय आहे?

१३ मार्च, बुधवार

लवकर घरी आलो. हिचे केस विस्कटलेले. विचारलं, काय गं हे? म्हणाली, वारा होता. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं.

१६ मार्च, शनिवार

गाडी ताब्यात घेतली. उजव्या सीटच्या फटीत केसांची पिन सापडली. हिच्याकडे तसल्याच पिना आहेत.

मी कुणावर संशय घेणारा माणूस नाही. फक्त नोंद करून ठेवतो. भिडूचा आठवडा. वारा. पिन.

१७ मार्च, रविवार

रात्रभर विचार केला. शाळेपासूनचा मित्र! माझ्या लग्नात त्याने माझे बूट सांभाळले होते. आणि आता हे?

सकाळी हिला सहज विचारलं, भिडू कसा वाटतो गं तुला? ही म्हणाली, भावजी ना? फार चांगला माणूस. समोरच्याचं ऐकून घेतो.

ऐकून घेतो! हे वाक्य ज्याच्या बायकोने दुसऱ्याबद्दल उच्चारलंय त्यालाच माझी अवस्था कळेल.

चिडून प्लग काढून साफ केले. आता एक प्लग सापडत नाही.

२३ मार्च, शनिवार

पूर्ण आठवडा गाडी एक इंचही हलली नाही. संध्याकाळी भिडू आला, बंद गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, होतं रे असं. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. त्याने नजर चुकवली. आणखी काय पुरावा हवा?

२६ मार्च, मंगळवार

अण्णा दुपारच्या झोपेला सुट्टी देतात असं कन्येच्या तोंडून निसटलं. मग काय करतात? तर म्हणाली, बसतात. कुठे बसतात? तिने जीभ चावली आणि अभ्यासाला गेली. मला त्यात लक्ष घालायला सध्या वेळ नाही. डोक्यात एकच विषय आहे.

८ एप्रिल, सोमवार

योजना तयार. बुधवारी अकरा मजल्यांच्या ऑफिस बिल्डिंगच्या लिफ्टची तपासणी आहे. गच्चीवरच्या मशीनरूमच्या खिडकीतून बायपासचा रस्ता पार टेकडीपर्यंत दिसतो. भिडूची लॉन्ड्री दुपारी बंद असते. आठवडा त्याचा आहे. असला रंग साऱ्या शहरात दुसरा नाही. बघतोच.

१० एप्रिल, बुधवार

काहीही झालं तरी लिहिणार.

दोन्ही लिफ्ट तपासणीसाठी बंद केल्या, सील लावलं आणि खिडकीशी उभा राहिलो. तीनच्या सुमारास रस्त्यावर पाण्याचा टँकर दिसला, बैलगाडीच्या चालीने. त्याच्यामागे हिरवट-निळा ठिपका. त्याच्यामागे गाड्यांची ही एवढी रांग. हॉर्नचा गोंधळ वरपर्यंत ऐकू येत होता.

जवळ आली. टप उघडा. डावीकडे भिडू, निवांत. उजवीकडे मी हिला शोधत होतो.

उजवीकडे अण्णा होते.

डोक्यावर हॅट. ही हॅट त्यांच्याकडे आहे हेच मला माहीत नव्हतं. उजवा हात बाहेर काढून पंजा उभा धरलेला, चौकातल्या पोलिसासारखा. थांब. टँकरच्या पुढचा रस्ता मला वरून स्वच्छ दिसत होता, टेकडीपर्यंत मोकळा. एक सायकलसुद्धा नव्हती. अण्णांनी पंजा खाली केला नाही. भिडू टँकरमागून हळूहळू येत होता. मागचे बोंबलत होते. अण्णा त्यांच्याकडे मान वळवूनही बघत नव्हते.

मग खूप वेळाने त्यांनी पंजा खाली घेतला आणि दोन बोटं पुढे केली. गाडी टँकरच्या बाजूने निघून गेली. अण्णा मागे वळून टँकरवाल्याला हात करत होते.

मी धावलो. लिफ्ट मीच बंद केली होती. अकरा मजले पायांनी उतरलो. खाली आलो तेव्हा रस्त्यावर काही नव्हतं.

१० एप्रिल, संध्याकाळी

दगा. चहूबाजूंनी दगा. सगळ्यांना समोर बसवलं आणि एकेकाने तोंड उघडलं.

अण्णा फेब्रुवारीपासून भिडूच्या प्रत्येक आठवड्यात रोज दुपारी जातात. ही दोनदा गेली, कापड आणायला आणि एकदा नुसतीच. म्हणजे तीनदा. पिन तेव्हाची. कन्या तर त्या गाडीवर ड्रायव्हिंग शिकली! माझी मुलगी! मी तिला पुसायलाही दिली नव्हती.

मी म्हणालो, माझ्याबरोबर यायला कुणी तयार नसतं. कन्या म्हणाली, बाबा, तुमच्याबरोबर बसलं की परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.

आणि भिडू. मला वाटलं होतं, पाय धरेल. तो म्हणाला, अरे, अण्णांना एकदा सहज नेलं. मला बिचाऱ्याला पुढचं दिसेना, म्हणून विचारलं, अण्णा, जाऊ का? ते म्हणाले, थांब. मी थांबलो. मग म्हणाले, आता जा. गेलो. घरी सोडलं तर म्हणाले, उद्या येशील का? त्यांना किती दिवसांनी कुणाला काही विचारावंसं वाटलं असेल सांग.

मी म्हणालो, पण ते रस्ता मोकळा असताना थांबवतात! भिडू म्हणाला, थांबवू देत की. मला कुठे जायचंय?

मेकॅनिकही फितूर. प्रत्येक शनिवारी किल्ली घेतली की भिडू गाडी सरळ त्याच्याकडे नेतो आणि माझं आठवडाभराचं ट्यूनिंग उलटं फिरवून घेतो. माझ्यासाठी स्क्रूवर पांढऱ्या रंगाची खूणही केली आहे म्हणे, सोपं जावं म्हणून. ती खूण मला बिघाडाची वाटायची. मी खरवडून काढायचो.

शेवटी अण्णांना विचारलं, तुम्ही तरी मला का नाही सांगितलंत? अण्णा म्हणाले, तुला वाईट वाटलं असतं.

वाईट! माझ्याच घरात, माझ्याच अर्ध्या गाडीत, माझ्या पाठीमागे!

हिच्यावर मी घेतलेला संशय मोठ्या मनाने विसरून गेलो आहे. तिला सांगितलेलं नाही. तिला वाईट वाटलं असतं.

१३ एप्रिल, शनिवार

निर्णय. भिडूला लॉन्ड्रीत जाऊन सांगितलं, भागीदारी संपली. तुझा अर्धा भाग मला दे. मला वाटलं, भांडेल, निदान शाळेची आठवण काढेल. तो इस्त्री करत होता, करतच राहिला. म्हणाला, घे. फक्त अण्णांना नेत जा.

इतक्या सहज दिला! ज्या गाडीवर माझा जीव, ती त्याने शर्टासारखी घडी करून हातात ठेवली. यालाच मी दगा म्हणतो. आणि वर मला शिकवतो, माझ्या वडिलांना नेत जा म्हणून.

आता गाडी पूर्ण माझी. अण्णांचं वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवलं. रविवार, बुधवार, शुक्रवार. भिडूपेक्षा उत्तम रस्ते, जास्त वेग, शिस्त. बघा म्हणावं.

१४ एप्रिल, रविवार

अण्णा आठलाच हॅट घालून फाटकाशी उभे. गाडी सुरू झाली नाही. अकरापर्यंत प्रयत्न केले. अण्णा उभेच. ही म्हणाली, अण्णा, आत येऊन बसा. ते म्हणाले, होईल, तो करतोय.

झाली नाही.

मेकॅनिकला मी बोलावणार नाही. फितुरांशी व्यवहार नाही.

१७ एप्रिल, बुधवार

नाही झाली. अण्णा फाटकाशी.

१९ एप्रिल, शुक्रवार

नाही. अण्णांसाठी फाटकाशी स्टूल ठेवलं. मी त्यांच्या सोयीचा किती विचार करतो हे कुणी बघत नाही.

२७ एप्रिल, शनिवार

मेकॅनिकला बोलावलं. फितूर म्हणून नव्हे, माणूस म्हणून. त्याने एक स्क्रू फिरवला, मी नव्याने बसवलेला प्लग काढून नीट मापाचा घातला आणि गाडी लगेच सुरू झाली. जाताना म्हणाला, साहेब, उद्याचा दिवस हात लावू नका. मी शब्द दिला.

२८ एप्रिल, रविवार

शब्द पाळला. हात लावला नाही. जे झालं ते गाडीमुळे झालं नाही, हे आधीच लिहून ठेवतो.

अण्णांना घेऊन बायपासला गेलो. नियम पुन्हा सांगितले नाहीत. त्यांनी आपणच काठी मांडीवर घेतली. सकाळ छान होती. पुढे विटांचा ट्रक आला. अण्णांनी हात बाहेर काढला, पंजा उभा केला. म्हणाले, थांब.

थांबलो. थोडा वेळ ट्रकमागेच राहिलो. मागून कुणीतरी हॉर्न दिला. मला त्या दिवशीचा मोकळा रस्ता आठवला. आरशात बघितलं, काही नव्हतं. मी म्हणालो, अण्णा, मोकळा आहे रस्ता. ते म्हणाले, थांब रे. मी म्हणालो, तुम्ही उगाच थांबवता, मी स्वतः बघितलंय. आणि गाडी बाहेर काढली.

बस होती. आरशात मुंगी दिसत होती ती.

मी स्टिअरिंग कसं फिरवलं मला आठवत नाही. ट्रकवाल्याने ब्रेक मारला, आम्ही त्याच्यापुढून तिरके जाऊन मुरमात घुसलो. आरसा तुटला, उजवा पंख चेपला. अण्णांना काही लागलं नाही. मला काही लागलं नाही. बसवाला खाली उतरला, मला काय म्हणाला ते लिहिण्यासारखं नाही. मग त्याने अण्णांना पाणी दिलं.

अण्णांचा हात अजून बाहेरच होता. पंजा तसाच उभा. मी म्हणालो, अण्णा, हात आत घ्या. त्यांनी घेतला. मग त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

परत येताना मीच बोलत होतो. ब्रेकबद्दल, टायरच्या पकडीबद्दल, मुरमाबद्दल. फाटकाशी उतरल्यावर म्हणाले, दार तूच लाव.

१ मे, बुधवार

गाडी सुरू झाली. अण्णांना हाक मारली. म्हणाले, आज गुडघा दुखतोय.

३ मे, शुक्रवार

गुडघा.

५ मे, रविवार

गुडघा. डॉक्टरांना आणलं. गुडघ्याला काही झालेलं नाही म्हणाले.

हॅट खुंटीवर नाही. हिला विचारलं. म्हणाली, त्यांनी कपाटात आत ठेवायला सांगितली.

१२ मे, रविवार

गाडी एकदम सुरळीत चालते. कमाल आहे. दोन आठवडे मी बॉनेट उघडलेलं नाही. एकटाच जाऊन आलो. उजवी सीट रिकामी असली की ट्रकच्या मागेच राहावं लागतं. विटांच्या ट्रकमागून गावाबाहेर गेलो, कचऱ्याच्या ट्रकमागून परत आलो. रस्त्यावर दोन मुलांनी गाडी बघून हात केला. मी मागे वळून बघितलं नाही. कुणाला दाखवायचं होतं?

घरी अण्णा खुर्चीत. ताट तसंच परत गेलं होतं.

मी त्यांना म्हणालो, अण्णा, तुमचं बरोबर होतं, बस येत होती. ते म्हणाले, हो का.

भाषण बरंच तयार केलं होतं मी. त्यात रस्त्याच्या रचनेचा मुद्दा होता. तो राहूनच गेला.

१८ मे, शनिवार

हिने पँट दिली लॉन्ड्रीत टाकायला. म्हणालो, घरीच इस्त्री कर. म्हणाली, तुम्हीच नेऊन द्या. पँटला एकही सुरकुती नव्हती.

गेलो. भिडू म्हणाला, बस. बसलो. गाडीच्या उजव्या पंखाबद्दल बोललो, पेट्रोलच्या दर्जाबद्दल बोललो. मग म्हणालो, एक तांत्रिक चाचणी करायची आहे, दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातात गाडी कशी वागते ते बघायचंय, उजव्या बाजूला साधारण साठ किलोचं वजन हवं.

भिडूने इस्त्री उभी केली. म्हणाला, अण्णा जेवतात का नीट?

मी म्हणालो, नाही.

त्याने पँट तशीच परत दिली. स्वच्छ आहे म्हणाला.

१९ मे, रविवार

भिडू आला. मी किल्ली दिली, चाचणीसाठी. तो वर गेला. मला खालीच थांबावंसं वाटलं. आवाज ऐकू येत होता. भिडू म्हणत होता, अण्णा, मला एकट्याला दिसत नाही हो, तुम्हाला माहितेय. अण्णा काहीतरी पुटपुटले. मग भिडू म्हणाला, टँकरमागून जाऊ, टँकरमागूनच येऊ. लगेच कपाटाचं दार वाजलं.

गेले. तीन तासांनी आले. अण्णांनी सगळं हिला सांगितलं. दोन टँकर होते, आज एकालाही ओलांडू दिलं नाही. मी शेजारीच बसलो होतो. मला वेगळं सांगायची गरज त्यांना वाटली नसावी.

जेवले. भाजी मागून घेतली.

२६ मे, रविवार

अण्णांनी सुचवलं. म्हणजे सांगितलंच. म्हणाले, तूही जरा त्याच्याबरोबर जाऊन बस. शिकून घे.

कोर्टातल्या टायपिस्टाने लिफ्ट इन्स्पेक्टरला शिकून घे म्हणावं! मी नाही म्हणणार होतो. पण भिडू दार उघडून उभा होता. उजवीकडचं.

या गाडीच्या उजव्या सीटवर मी कधी बसलोच नव्हतो. रस्त्याच्या मधोमध येतो माणूस. पुढचं सगळं अंगावर येतं. मला वाटलं होतं, ही, कन्या, अण्णा, सगळे भित्रे आहेत. डॅशबोर्डला हात टेकला मी. कधी टेकला कळलं नाही.

पुढे खडीचा ट्रक होता. भिडूने विचारलं, जाऊ का? मी बघितलं आणि म्हणालो, जा. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि गेला नाही. समोरून मोटारसायकल निघून गेली. मला ती दिसली नव्हती. त्याने पुन्हा विचारलं, जाऊ का? मी खूप वेळ बघत राहिलो. मागे हॉर्न सुरू झाले. म्हणालो, थांब.

तो थांबला. ट्रक आपला वळून दुसरीकडे गेला तोवर आम्ही त्याच्यामागेच.

फाटकाशी अण्णा हॅट घालून तयार होते. त्यांनी भिडूला विचारलं, मला नाही, भिडूला, कसा आहे हा? भिडू म्हणाला, घाई करतो अजून. अण्णा म्हणाले, शिकेल. मग माझ्याकडे हात पुढे केला. मला वाटलं, शाबासकी. मी उतरलो होतो, त्यांना आत बसायला आधार हवा होता. मी धरून बसवलं. काठी त्यांनी पायाशी टाकली. दार त्यांनी स्वतः ओढून घेतलं, चांगलं जोरात.

निघून गेले. मी फाटक लावून घेतलं. ही वरून म्हणाली, अहो, उघडंच ठेवा, तासाभरात यायचेत. मी उघडलं.